मशीन कुठून सुरू केलं?

दसऱ्याची रजा संपवून मी नागपूरहून पुण्याला परतले, थेट ऑफिसात येऊन बसले आणि माझा पासवर्ड चालेना. पुन्हा टाकला, तरी नाही. समोरच्या टेबलावर आमचा टीम लीड चहा पीत होता. त्याने कपातून मान वर न करता सांगितलं, "बंद केलाय तुझा अ‍ॅक्सेस. साहेब आले की बोलतील."

मला कारण माहीत होतं. आदल्या दिवशी दुपारीच साहेबांचा फोन येऊन गेला होता. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे एक वधू-वर सूचक केंद्र. त्यांच्या वेबसाइटवरचे मुलामुलींचे सगळे फोटो नाहीसे झाले होते, आणि ते मी उडवले असं साहेबांचं म्हणणं होतं. उडवले असतील, असं नव्हे. उडवले. मी तिकडे दीक्षाभूमीवर गर्दीत उभी होते, आई शेजारी पांढऱ्या साडीत, एका कानात बोट घालून मी ऐकत होते आणि साहेब अगदी शांतपणे विचारत होते, "अहो, जाता जाता काही साफसफाई केलीत का?" पुण्यात माणूस जितका चिडलेला तितका त्याचा आवाज खाली येतो, हे एव्हाना मला समजलं होतं.

फोन ठेवल्यावर आईने विचारलं काय झालं. मी सांगितलं. ती म्हणाली, "तूनं नाही केलं ना? मंग कायले भेते?" आईने आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, तिचा खऱ्याखोट्यावर अजून विश्वास आहे. मी भीत होते, कारण मला आमचं ऑफिस माहीत होतं.

ऑफिस म्हणजे कर्वेनगरच्या एका सोसायटीतला तळमजल्याचा फ्लॅट. हॉलमध्ये आम्ही, बेडरूममध्ये साहेब, आणि मागच्या बाल्कनीला काच लावून केलेल्या खोलीत सर्व्हर. सर्व्हर म्हणजे एक काळा कॅबिनेट, जुना मॉनिटर आणि जुनाच कीबोर्ड. सगळ्या गिऱ्हाइकांच्या वेबसाइट त्याच्यावरच चालायच्या. जग केव्हाच भाड्याच्या सर्व्हरवर गेलं होतं, पण साहेबांना आपलं मशीन आपल्या डोळ्यांसमोर लागायचं. बाहेर पाटी होती, 'चपला बाहेर काढाव्यात. आत धूळ नको, बाहेर आहे तेवढी पुरे.' नव्या माणसाला ती पाटी वाचून हसू येतं. माझं हसू पहिल्या महिन्यात संपलं.

मी राहायला विश्रांतवाडीला. कर्वेनगरातच खोली शोधत होते सुरुवातीला, ऑफिस जवळ पडेल म्हणून. घरमालकिणी फार गोड बोलायच्या. चहासुद्धा द्यायच्या. "नाव काय म्हणालात? नाही, पूर्ण नाव?" मी पूर्ण नाव सांगायचे. मग त्यांना आठवायचं, की दिराचा मुलगा पुढच्या महिन्यापासून राहायला येणार आहे. या शहरातल्या इतक्या दिरांना इतकी मुलं आहेत, की ती सगळी खरोखर राहायला आली असती तर रस्त्यावर उभं राहायला जागा उरली नसती. जात कोणी विचारली नाही. पुण्यात ते असभ्य समजतात. शेवटी विश्रांतवाडीत आमच्याच ओळखीच्या एका कुटुंबाने वरची खोली दिली, आणि मी रोज सगळं शहर बसने ओलांडून कामावर येऊ लागले.

दसऱ्याची रजा मी दीड महिना आधी मागितली होती. साहेब म्हणाले, "दसऱ्याला ऑफिसात मशीनची पूजा असते. सगळ्यांनी असावं अशी पद्धत आहे." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "अर्थात, आपलं तिकडे काहीतरी असतं म्हणा." काहीतरी. आमच्या घरातली चार पिढ्यांची माणसं ज्या दिवसासाठी वर्षभर पैसे बाजूला टाकतात, तो दिवस म्हणजे काहीतरी. मी रजेच्या अर्जावर सही घेतली आणि गेले.

आता फोटोंचं.

वेबसाइटवर कोणी फोटो चढवला, की तो सर्व्हरवर कुठल्यातरी फोल्डरमध्ये जाऊन पडतो. कुठल्या, ते प्रोग्रामला सांगावं लागतं. पूर्ण पत्ता देता येतो, थेट मुळापासून. किंवा आळस करून नुसतं सांगता येतं, 'फोटो नावाच्या फोल्डरमध्ये टाक'. मग प्रोग्राम काय करतो? तो ज्या जागेवर उभं राहून सुरू केला असेल, त्या जागेच्या शेजारी तो फोल्डर शोधतो. रोज एकाच जागेवरून सुरू केला तर रोज तोच फोल्डर सापडतो आणि सगळं सुरळीत आहे असं वाटतं. एखाद्या दिवशी दुसऱ्या जागेवरून सुरू केला, तर तो तिथे शोधतो. सापडला नाही तर तक्रारही करत नाही. नवा, रिकामा फोल्डर बनवतो आणि कामाला लागतो.

आमच्या टीम लीडने कित्येक वर्षांपूर्वी ती आळसाची ओळ लिहिली होती. मी नोकरीला लागल्यावर महिन्याभरात ती दाखवली होती. म्हटलं, इथे पूर्ण पत्ता टाकू या, एखाद दिवशी गोत्यात येऊ. तो म्हणाला, "चालतंय ना? मग कशाला उंगली करायची? तुम्हा लोकांना ना, आल्या आल्या सगळं बदलायचं असतं." तुम्हा लोकांना म्हणजे नव्या लोकांना असं मी तेव्हा समजून घेतलं. समजून घ्यायची सवय होती मला. पुढे मशीन कधी बंद पडलं तर ते सुरू करायचं काम माझ्याकडेच आलं, आणि मी ते नेहमी नेमक्या एकाच फोल्डरमध्ये जाऊन सुरू करायचे.

दसऱ्याच्या सकाळी मशीन बंद केलं, पुसलं, कॅबिनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली, कीबोर्डवर अक्षता टाकल्या, पेढे वाटले. मग ते पुन्हा सुरू केलं. हे मला नंतर कळलं. परतीच्या गाडीत मला एवढंच माहीत होतं की पूजा झाली, मशीन बंद-चालू झालं आणि ते मी केलेलं नाही. गाडीतच मी मोबाइलवर ती वेबसाइट उघडून बसले. एकेक स्थळ पाहत गेले. इंजिनिअर, गोरी, निर्व्यसनी, पुण्यातच फ्लॅट. आणि वर फोटोच्या जागी नुसता करड्या रंगाचा डोकं-खांदे असलेला ठोकळा. सगळ्यांच्या डोक्याचा एकच ठोकळा झालेला पाहून, खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं. तेवढ्यात एक मुलगी दिसली. हिरवी साडी, नथ, हसरी, फोटो स्वच्छ. तिची नोंदणी दसऱ्याच्या दिवशी दुपारची होती. पुढे आणखी एक मुलगा. तोही त्याच दुपारचा, त्याचाही फोटो होता.

मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी जाताना फोटो उडवले असते तर ते केव्हाच दिसेनासे झाले असते, पण इथे फक्त पूजेनंतरचे तेवढे नीट दिसत होते. म्हणजे प्रोग्राम भलत्याच जागी उभा होता. तिथे नवा फोल्डर करून नवे फोटो टाकत होता, आणि जुने फोटो जिथल्या तिथे धूळ खात पडले होते.

मी गाडीतूनच टीम लीडला फोन लावला. तो म्हणाला, "तू आता काही बोलू नकोस, प्लीज. मी स्वतः चेक केलंय. अ‍ॅप्लिकेशनच्या फोल्डरमध्ये काहीच नाहीये. बॅकअप पण रिकामा आहे." अ‍ॅप्लिकेशनच्या फोल्डरमध्ये फोटो कधीच नव्हते; मी मशीन सुरू करायचे त्या फोल्डरमध्ये ते होते. आपण लिहिलेली ओळ फोटो कुठे ठेवते हे त्यालाच आठवत नव्हतं. आणि बॅकअप तो इतकी वर्षं त्याच रिकाम्या फोल्डरचा, न चुकता, घेत आला होता.

असो. साहेब आले.

मला बेडरूममध्ये बोलावलं. टीम लीड भिंतीला टेकून उभा. साहेबांनी पेढ्याचा उरलेला खोका माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "घ्या. आपल्याला चालत असेल तर." मी घेतला नाही. ते म्हणाले, "केंद्राच्या काकू काल तीनदा फोन करून गेल्या. दसऱ्याला मुहूर्तावर लोक नोंदणी करतात, आणि मुलीचे आईबाप विचारतायत की फोटो काढून टाकायला आमच्या मुलीत काय खोट आहे. मी काय सांगायचं?"

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"खरं ते सांगितलं. आमच्याकडे एक नवीन मुलगी आहे, रजेवर जाताना तिच्या हातून झालंय." आणि माझं नाव सांगितलं होतं. पूर्ण नाव.

मी वर्षभर या माणसाच्या ऑफिसात एकही चूक होऊ दिली नव्हती. पुण्यात आमच्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. साहेबांची ओळख नाही अशी कंपनी शोधायला मला कात्रजच्या पलीकडे जावं लागलं असतं. 'गिऱ्हाइकाचा डेटा उडवणारी' असं एकदा नावापुढे लागलं की संपलंच. मी म्हणाले, "फोटो उडालेले नाहीत. मशीनवरच आहेत. दहा मिनिटं द्या, दाखवते."

साहेबांनी टीम लीडकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. "दाखवा," साहेब म्हणाले. "पण कीबोर्डला हात लावू नका. लांबून सांगा, हा टाइप करेल."

काचेच्या खोलीत आम्ही तिघं उभे राहिलो. खरं तर टीम लीड बसला, साहेब त्याच्या मागे, आणि मी दारात. आत तिसऱ्याला जागा होती. कीबोर्डच्या फटींत अक्षता अडकलेल्या होत्या आणि कुंकू घामाने पसरून स्पेसबार लाल झाला होता. मी दारातून सांगायचे, तो टाइप करायचा. माझ्या आजीला विहिरीवर असंच लांब उभं राहून कुणीतरी पाणी ओतायची वाट पाहावी लागायची. मला ते तेव्हा आठवलं आणि तोंडात कडू आलं. साहेबांच्या मनात तसं काही नसेलही. पण त्यांच्या मनात काय आहे याची काळजी करायचा मला कंटाळा आला होता.

मी सरळ सांगू शकले असते, की मशीन बंद करा आणि अमुक फोल्डरमध्ये जाऊन पुन्हा सुरू करा. फोटो चुटकीसरशी परत आले असते. मग साहेब म्हणाले असते, देवाची कृपा. फोटो कुठे गेले होते आणि कुणामुळे, हे कुणाला कळलं नसतं, आणि माझं नाव तिथेच चिकटून राहिलं असतं. म्हणून मला ते प्रोग्रामच्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं, आणि तेही तो बंद न करता.

"एक छोटं पान लिही," मी म्हणाले. "वेबसाइटच्या पानांमध्ये ठेव. त्यात एकच काम. तुझ्या त्या ओळीत जे फोल्डरचं नाव आहे तेच घे, आणि त्याचा पूर्ण पत्ता पडद्यावर छाप."

"त्याने काय होणारे?" टीम लीड म्हणाला.

"प्रोग्रामला वाटतं फोटो कुठे आहेत, ते तो सांगेल."

"मला माहितीये ना कुठे आहेत."

"मग लिहायला काय हरकत आहे?"

साहेब खोकले. त्याने लिहिलं. चार ओळींचं पान, त्यात त्याने दोन चुका केल्या, त्या मी दारातून सांगितल्या आणि त्याची मान लाल होत गेली. मला ते पाहायला आवडलं. मग त्याने ब्राउझर उघडला, पानाचं नाव टाकलं आणि एंटर दाबलं.

पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ आली. होम, त्यापुढे साहेबांचं लॉगिन, त्यापुढे दसरा, त्यापुढे फोटो.

बाहेर सोसायटीच्या पंपाचा आवाज येत होता. टीम लीडने ती ओळ परत वाचली, जणू दुसऱ्या वाचनात ती बदलणार होती. साहेबांच्या लॉगिनमध्ये दसरा नावाचा फोल्डर. त्यात पूजेचे फोटो होते: स्वस्तिक काढलेला कॅबिनेट, नारळ, पेढे, हात जोडलेले साहेब. दरवर्षी पूजेनंतर साहेब ते मोबाइलवरून मशीनवर उतरवून ठेवत. यंदा त्याच फोल्डरमध्ये उभं राहून, मी नसल्यामुळे, त्यांनी स्वतःच्या हाताने प्रोग्राम सुरू केला होता. सुरू करायची जुनी कमांड कीबोर्डवरच्या वरच्या बाणाने शोधली आणि मुहूर्त गाठला. आणि आता पूजेच्या फोटोंच्या शेजारी, त्यांच्याच दसऱ्यात, नथ घातलेली ती हिरव्या साडीतली मुलगी बसली होती.

"असं होतं होय," साहेब म्हणाले. आवाज अगदी खाली. "बरं, मग जुने कुठे आहेत? सांगा पुढचं."

"आधी काकूंना फोन करा," मी म्हणाले.

"कशाला?"

"काल माझं नाव सांगितलंत ना. आज खरं सांगा. मग मी फोल्डर सांगते."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे आता आपण आम्हाला अटी घालणार?"

"हो," मी म्हणाले. टीम लीड म्हणाला, मी शोधतो की सर, सर्च मारतो. साहेब त्याच्यावर खेकसले, "तुम्ही गप्प बसा. तुमच्या शोधण्यानेच हे झालंय." साहेबांच्या तोंडी तोही 'तुम्ही' झाला म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मग त्यांनी मोबाइल काढला, माझ्याकडे एक थंड नजर टाकली आणि स्पीकर लावला.

काकूंनी लगेच उचलला. त्यांचा आवाज मी ओळखत होते. स्थळांचे रकाने वाढवून घेण्यासाठी त्या मला नेहमी फोन करायच्या, पोटजातीचा एक वेगळा रकाना हवा म्हणून तर महिनाभर मागे लागल्या होत्या. साहेब म्हणाले, "नमस्कार. फोटो सापडलेत, तासाभरात दिसतील. आणि एक सांगायचं होतं. काल पूजेनंतर मशीन मीच सुरू केलं होतं. चुकीच्या जागेवरून. त्यामुळे हा गोंधळ झाला. आमच्या त्या मुलीचा काही दोष नव्हता. तिनेच शोधून काढलं."

मी प्रत्येक शब्द कान देऊन ऐकला. साहेबांनी एकही शब्द चोरला नाही. सगळं खरं, सगळं स्पष्ट, आणि माझ्या समोर. आईला आज फोन करायचा आणि सांगायचं, तुझंच खरं होतं, असंही मनात येऊन गेलं.

पलीकडून काकू म्हणाल्या, "साहेब, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत हो."

"अहो, नाही..."

"मला कळत नाही का? पोरीची चूक स्वतःच्या अंगावर घेताय. केवढं मोठं मन! पण असं पाठीशी घालत जाऊ नका. आपण सांभाळून घेतो आणि हे लोक डोक्यावर बसतात."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. अजून एक वाक्य पुरलं असतं. काकू, मी खरंच सांगतोय, एवढंच. ते त्यांच्या तोंडापर्यंत आलेलं मला दिसलं, खरंच दिसलं. मग त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"चालायचंच," ते मोबाइलमध्ये म्हणाले. "लहान आहेत. सांभाळून घ्यावं लागतं."

त्यांनी फोन बंद करून खिशात टाकला. आयुष्यात मी पुष्कळ जणांवर रागावले आहे, पण द्वेष काय असतो हे मला त्या काचेच्या खोलीच्या दारात कळलं. ओरडावंसं वाटलं, पण ओरडून सांगायला खरं असं काही शिल्लकच नव्हतं. ते सगळं नुकतंच, माझ्याच अटीवर, मोठ्याने सांगून झालं होतं.

"झालं आपलं समाधान?" साहेब म्हणाले. "सांगा आता फोल्डर."

मी दारातून पूर्ण पत्ता सांगितला, एकेक अक्षर करून. टीम लीडने टाइप केला.